चौदा रात्रींचे पाहुणे

दाबोळीचा विमानतळ नौदलाचा. सकाळचे चार-साडेचार तास नौदलाच्या वैमानिकांच्या सरावाचे, त्या वेळेत प्रवासी विमानांना मज्जाव. त्यामुळे परदेशी विमानांना उरलेल्या वेळात जागा शोधावी लागे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस एखाद्या नोव्हेंबरच्या पहाटे लंडनजवळच्या गॅटविकहून रात्रभर उडत आलेले विमान तिथे टेकले, की त्यातून उतरणारी माणसे पाहून वास्कोचे टॅक्सीवाले थोडे बुचकळ्यात पडत. हे गोरे होते, पण साहेब वाटत नव्हते. आणि हिप्पीही नव्हते, कारण यांच्या बॅगांना कुलपे होती, पायांत मोजे होते. कोणी बसचालक, कोणी परिचारिका, कोणी नुकताच निवृत्त झालेला गिरणीकामगार. दाराशी कंपनीचा माणूस नावांची यादी घेऊन उभा. यादीत नाव सापडले की बसमध्ये बसायचे.

बस झुआरीचा पूल ओलांडून पणजीला यायची आणि मांडवीच्या काठावर थबकायची. मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला होता आणि नवा पूल व्हायला १९९२ साल उजाडायचे होते. तोवर पणजी आणि बारदेश यांच्यामध्ये फेरीबोटींचाच आधार. फेरीवर म्हापशाला निघालेले कारकून, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बाया, सायकलीला पावाची टोपली बांधलेला आणि भोंगा वाजवणारा पोदेर. पर्यटन कंपनीच्या गुळगुळीत पुस्तिकेत या फेरीचे छायाचित्र नव्हते. पाहुण्यांना गोव्याचे पहिले खरे दर्शन घडले ते मात्र तिथेच.

पलीकडे कळंगुट, कांदोळी, बागा. चौदा रात्री. विमान, खोली, विमानतळावरून ने-आण, एखादी सहल असे सगळे एका रकमेत घरूनच भरून झालेले. याला इंग्रज 'पॅकेज' म्हणतात आणि ही गोष्ट सुरू झाली ती युद्धाने दमलेल्या इंग्लंडात. मे १९५० मध्ये व्लादिमीर राइट्झ नावाच्या एका रशियन निर्वासिताने जुने डकोटा विमान भाड्याने घेतले आणि मूठभर प्रवाशांना भूमध्य समुद्रातल्या कॉर्सिका बेटावर तंबूंत नेऊन ठेवले. दर साडेबत्तीस पौंड. इंग्लंडात तेव्हा मांस अजून रेशनवर होते, आणि राइट्झच्या जाहिरातीत पोटभर मांस आणि वाइनचे वचन होते. सूर्य आणि सामिष भोजन या दोन गोष्टींवर पुढे स्पेनचा अख्खा किनारा हॉटेलांनी भरून गेला. तीसेक वर्षांनी तो किनारा जुना झाला, जेट विमाने लांब उडू लागली, आणि कंपन्यांचे बोट नकाशावर पूर्वेकडे सरकत सरकत अरबी समुद्राच्या काठी येऊन थांबले.

गोवा इंग्रजांना नवा नव्हता. टिपू आणि फ्रेंच यांची भीती दाखवून १७९९ साली इंग्रजांनी पोर्तुगीजांच्या गोव्यात स्वतःची फौज आणून बसवली होती. ती १८१३ सालापर्यंत राहिली. दोनापावलाजवळची इंग्रजी दफनभूमी ही तिची उरलेली खूण. १८४७ मध्ये रिचर्ड बर्टन आजारपणाची रजा घेऊन मुंबईहून पडावाने पणजीला आला आणि चार वर्षांनी त्याने गोवा व निलगिरीवर पुस्तक काढले. हुशार, बहुभाषी आणि कमालीचा तुच्छतावादी असा हा पाहुणा. पडकी शहरे, मिश्रवंशीय समाज, पाद्री, कोणीही त्याच्या जिभेतून सुटले नाही. सत्ता आपली नाही, पण शेजारी आपलीच आहे, अशा थाटात इंग्रज गोव्यात वावरत. गोव्यावर त्यांनी राज्य केले नाही, म्हणून गोवेकराच्या मनात त्यांच्याविषयी मुंबई-पुण्यातल्या माणसासारखी जखमही नव्हती आणि दबदबाही नव्हता.

होती ती ओळख. तीही फार जवळची, स्वयंपाकघरातली. बारदेश आणि सासष्टीत घरटी एखादा पुरुष तरी बोटीवर असे. गोव्यात त्याला तारवटी म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींवर कामांची वाटणी ठरून गेली होती: डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरातेतले खलाशी, इंजिनाशी पंजाब-सरहद्दीकडचे, आणि जेवणघरात, भटारखान्यात गोवेकर. मुंबईत धोबीतलावला गावागावांचे 'कूड' असत. बोट मिळेपर्यंत तिथे खाट टाकायची, गावच्या सायबिणीपुढे, म्हणजे मेरीमातेपुढे, मेणबत्ती लावायची आणि मग समुद्रावर जायचे. इंग्रजाला अंडे किती उकडलेले लागते, चहात दूध आधी की नंतर, रविवारच्या भाजलेल्या मांसाबरोबर काय वाढायचे, हे ज्ञान अशा रीतीने कांदोळीच्या घराघरांत दोन पिढ्या आधीच येऊन पडले होते. पुढे पॅकेजवाला इंग्रज त्याच घराच्या ओसरीवर आला, तेव्हा घरच्या म्हाताऱ्याला त्याची न्याहारी शिकवावी लागली नाही.

मधल्या काळात किनाऱ्याने बरेच पाहिले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. साठच्या दशकाच्या शेवटी हिप्पी आले, आधी कळंगुटला, मग गर्दी वाढली तसे हणजूण, वागातोर, हरमल असे उत्तरेला सरकत गेले. त्यांना खोली लागत नव्हती, झोपडी पुरत होती. कपड्यांचेही बंधन नव्हते, आणि त्यांना पाहायला मुंबई-कोल्हापूरकडून बस भरभरून आपलीच माणसे येत, हे सोयीस्करपणे विसरले जाते. १९७४ मध्ये शिंकेरीला आग्वाद किल्ल्याच्या तटाशी ताजचे हॉटेल उभे राहिले. नोव्हेंबर १९८३ मध्ये दिल्लीतल्या राष्ट्रकुल परिषदेनंतर इंदिरा गांधींनी सर्व राष्ट्रप्रमुखांना विश्रांतीसाठी गोव्यात आणले. त्यांत मार्गारेट थॅचरही होत्या. या पाहुण्यांसाठी टेकडीवर खास बंगले बांधले गेले, रस्ते सुधारले, आणि जगभरच्या वार्ताहरांनी माडांच्या पार्श्वभूमीवर उभे राहून बातम्या पाठवल्या. जाहिरातीवर कोट्यवधी रुपये ओतूनही हे साधले नसते.

१९८५ मध्ये जर्मनीहून पहिली चार्टर, म्हणजे पर्यटन कंपन्यांनी भाड्याने घेतलेली, विमाने आली आणि दोन-तीन हंगामांत इंग्लंडची. चार्टरचे नियम सरळ होते: ज्या विमानकंपनीने आला तिनेच परत जायचे, आणि भारतीय पासपोर्ट असलेल्याला त्या विमानात जागा नाही. म्हणजे विमान गोव्यात उतरत होते, पण गोवेकरासाठी नव्हते. ही बारीकशी गोष्ट पुढच्या कथेत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

विरोध लगेच झाला. १९८७ हे वर्ष गोव्यात नुसते धगधगत होते. कोकणी राजभाषा झाली, ३० मे रोजी घटक राज्याचा दर्जा मिळाला, आणि आपली जमीन, आपले पाणी, आपली भाषा यांवर गावोगाव सभा होत होत्या. 'जागृत गोंयकारांची फौज' या संघटनेने चार्टर पर्यटनाविरुद्ध आघाडी उघडली. दशकाच्या अखेरीस दाबोळीबाहेर परदेशी पाहुण्यांच्या हातांत पत्रके पडली आणि त्यांच्या बसगाड्यांवर शेण. पत्रकांचा आशय असा, की तुमच्याशी वैर नाही, पण तुमच्या पोहण्याच्या तलावाचे पाणी आमच्या विहिरीतून येते. ती तक्रार खरी होती. किनाऱ्यालगतच्या गावांत उन्हाळ्यात विहिरी तळ गाठत आणि हॉटेलांकडे टँकर जात. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकाम नको, असे पत्र इंदिरा गांधींनी १९८१ मध्येच राज्यांना लिहिले होते. १९९१ च्या फेब्रुवारीत त्याचे कायदेशीर अधिसूचनेत रूपांतर झाले. मधल्या दहा वर्षांत वाळूच्या टेकड्यांवर काय काय उभे राहिले, त्याचे खटले गोवा फाउंडेशनसारख्या संस्था पुढे कित्येक वर्षे लढत राहिल्या.

पण किनाऱ्याचे मूळ भांडण पाहुण्यांच्याही आधीचे. ही वाळू म्हणजे रापणकारांची कामाची जागा. पहाटे होडीतून अर्धवर्तुळात जाळे टाकायचे आणि मग वाड्यातल्या बाप्यांनी-बायांनी दोन्ही टोकांनी ते ओढून काठावर आणायचे, ही रापण. सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलरनी किनाऱ्याजवळची मासळी खरवडून नेली तेव्हा रापणकारांनी मोठे आंदोलन केले. मातानी साल्ढाणा त्याचे पुढारी. ट्रॉलरशी लढाई पुरती जिंकता आली नाही. रापण विरळ होत गेली, मुले बोटीवर किंवा आखातात गेली, आणि वाळूवर जी जागा रिकामी झाली तिच्यात पॅकेजवाल्यांच्या आरामखुर्च्या आल्या. त्यामुळे 'पर्यटनाने मच्छीमाराला हुसकावले' हे वाक्य अर्धेच खरे आहे. समुद्राने त्याला आधीच अर्धे हुसकावले होते. पर्यटनाने त्याला शॅक टाकायला जागा दिली. या कथेतला एक विलक्षण योग असा, की तेच मातानी साल्ढाणा मार्च २०१२ मध्ये गोव्याचे पर्यटनमंत्री झाले. आणि दोनच आठवड्यांत त्यांचे निधन झाले.

शॅक म्हणजे बांबू, वासे आणि माडाच्या झावळ्यांचे झाप. पावसाळा संपला की उभारायची, पुढचा पाऊस येण्याआधी मोडून ठेवायची. सरकारच्या परवान्यावर, बहुधा सोडत काढून. नव्वदच्या दशकात कांदोळीच्या किनाऱ्यावर अशा शॅकची रांग लागली आणि तिथे गोवेकर व इंग्रज यांनी मिळून तिसरीच एक संस्कृती घडवली. सकाळी अंडी, सॉसेज, टोस्टवर टोमॅटोतल्या चवळ्या. दुपारी विसवणाचे कालवण, पण तिखट अर्धे. संध्याकाळी इंग्लंडातल्या फुटबॉलचे सामने, आणि त्यासाठी खांबाला बांधलेला टीव्ही. रविवारी भाजलेले मांस. शनिवारी एखाद्या बारमध्ये प्रश्नमंजूषा. वेटर आपले लांबलचक नाव आखडून सांगे. इंग्रज पाहुणा पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात, त्याच खोलीत, त्याच शॅकच्या त्याच मेजावर यायचा आणि येताना वेटरच्या मुलांसाठी चॉकलेटे, वह्या, फुटबॉलचे शर्ट आणायचा. कित्येक घरांनी या चौदा रात्रींच्या भाड्यावर माडी चढवली. आधी पुढची खोली दिली, मग मागची, मग स्वतः गोठ्याजवळ राहायला गेले.

वाळूवरून दिवसभर आणखी एक मिरवणूक चाले. कर्नाटकातून आलेल्या लमाणी बाया आरशांचे कापड आणि पैंजण घेऊन, काश्मिरी दुकानदार शाली घेऊन, कान साफ करणारे, मालिशवाले. गोव्याच्या किनाऱ्यावर 'स्थानिक संस्कृती' म्हणून पाहुण्याने जिची छायाचित्रे काढली ती बाई बहुधा शेकडो किलोमीटरवरून आलेली असे. ग्राहकाची नस मात्र तिने बरोबर पकडली होती. इंग्लंडात 'ॲस्डा' नावाची स्वस्त मालाच्या दुकानांची साखळी आहे. 'ॲस्डा प्राइस' अशी आरोळी वाळूवर उठली, की झोपलेला इंग्रज हसून उठून बसे. शाळेची पायरी न चढलेल्या पोरी लंडनच्या बाजारातले इंग्रजी बोलायला लागल्या. भाव उतरवणे हा इंग्रजांसाठी खेळ होता, पोरींसाठी त्या दिवसाचे जेवण.

आणि सहली. बुधवारी हणजूणचा बाजार, शुक्रवारी म्हापशाचा, एक दिवस जुन्या गोव्याची चर्चे, वाटेत मंगेशी, मग फोंड्याकडची मसाल्याची बाग, तिथे केळीच्या पानावर जेवण. संध्याकाळी मांडवीत बोट, तिच्यावर तासाभरात कुणबी नृत्य, देखणी आणि पोर्तुगीज वळणाचा कोरेदिन्यो. ज्या नाचाला लग्नाचा मांडव किंवा शिगम्याचे अंगण लागे, तो आता घड्याळाच्या नेमाने रोज साडेसहाला सुरू होई. पुस्तिकेतला गोवा हा आशियातला एक छोटा पोर्तुगाल होता. मंगेशीच्या प्राकारात चालणारे मराठी कीर्तन, म्हापशाच्या बसमध्ये वाचला जाणारा मराठी 'गोमन्तक', १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात जायचे की नाही यावरून एकाच घरात पडलेली भिंत, यांतले काही त्या पुस्तिकेत बसत नव्हते. आणि खरे सांगायचे तर न बसलेले बरेच टिकले. जे विकायला काढले गेले नाही त्याला कुणी हातही लावला नाही.

तियात्र हे त्याचे चांगले उदाहरण. कोकणी नाटकाची ही जात मुंबईत १८९२ मध्ये जन्मली. मधूनमधून होणारी गाणी, राजकारण्यांची टवाळी, रडारड आणि हशा यांची ती खिचडी. पर्यटनाच्या भर हंगामात पणजी-मडगावच्या सभागृहांत तिकिटे संपत असत आणि प्रेक्षकांत एकही परदेशी नसे. तियात्रात मात्र पर्यटक असे. जमीन विकणारा बाप आणि गोऱ्या बाईच्या मागे लागलेला पोरगा ही त्याच्या कथानकांची नेहमीची गिऱ्हाइके होती.

नवे शतक आले आणि संबंधाला तडे गेले. चौदा रात्रींचे काही पाहुणे सहा-सहा महिने राहू लागले. पौंडात पेन्शन आणि रुपयात खर्च, हा हिशोब कुणालाही मोहात पाडेल असा होता. काहींनी सदनिका घेतल्या. पण पर्यटन व्हिसावर जमीनजुमला घेता येत नाही, आणि परकीय चलनाच्या कायद्याखाली चौकश्या लागल्या तेव्हा आयुष्यभराची पुंजी अडकून पडलेली म्हातारी जोडपी कोर्टाच्या फेऱ्या मारू लागली. २००९ च्या अखेरीस केंद्राने नियम आणला, की एकदा देशाबाहेर गेलेल्या पर्यटकाने दोन महिने परत यायचे नाही. तीन वर्षांनी तो उठवला, पण 'आपण इथलेच' हा समज तोवर विरला होता. मधेच फेब्रुवारी २००८ मध्ये हणजूणच्या किनाऱ्यावर पंधरा वर्षांच्या एका ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. पोलिसांनी आधी ते बुडणे ठरवले. तिच्या आईने हट्ट धरला, दुसऱ्यांदा शवविच्छेदन झाले, आणि एका आरोपीला शिक्षा व्हायला २०१९ साल लागले. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांतले गोव्याचे चित्र त्या एका हंगामात बदलले.

किनाऱ्यावरचे चेहरेही बदलत होते. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, २००१ मध्ये गोव्याची सहल दाखवणारा 'दिल चाहता है' पडद्यावर आला, आणि दिल्ली-मुंबई-पुण्याचा तरुण शनिवार-रविवारला धरून गोव्याकडे निघाला. मोरजीला रशियन आले, दुकानांवर सिरिलिक पाट्या लागल्या. शॅकवाल्याने मेनूकार्ड पुन्हा छापले. इंग्रज मात्र कांदोळीला चिकटून होता, वयाने वाढत, संख्येने घटत.

२३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे थॉमस कुक ही ब्रिटिश कंपनी बुडाली. १८४१ मध्ये लेस्टरहून दारूबंदीच्या सभेला माणसे नेणाऱ्या रेल्वेसहलीपासून सुरू झालेला तिचा प्रवास १७८ वर्षांनी संपला. हंगाम तोंडावर आला होता, कांदोळीत खोल्यांना रंग देऊन झाला होता. हंगाम कसाबसा गेला आणि मार्चमध्ये टाळेबंदी आली. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने अडकलेल्या नागरिकांना न्यायला दाबोळीला विमाने पाठवली. शेवटच्या पाहुण्यांनी पॅकेज संपल्यावर नव्हे, तर सरकारी यादीत नाव लागल्यावर गोवा सोडला. मग ब्रिटिशांचा ई-व्हिसाही बंद राहिला, तो डिसेंबर २०२२ पर्यंत.

याच वर्षांत उलट दिशेचा एक रस्ताही मिटत होता. १९६१ च्या आधी जन्मलेल्या गोवेकरांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क आहे. त्या पासपोर्टावर युरोपीय संघात कुठेही काम करता येई, आणि शतकाच्या सुरुवातीपासून बारदेश-सासष्टीतली हजारो तरुण मुले इंग्लंडला गेली. स्विंडन नावाच्या एका शहरात तर त्यांची वस्तीच झाली. तिथे ती गोदामांत पेट्या उचलतात, चर्चमध्ये कोकणीत मिसा ऐकतात. आजोबा इंग्रजांच्या बोटीवर वाढपी, बाप इंग्रजांसाठी शॅक चालवणारा, नातू इंग्रजांच्या गावात कामगार. ब्रेक्झिटनंतर २०२० च्या अखेरीला हा रस्ता बंद झाला. जे आधी पोहोचले ते तिथे राहिले. बाकीच्यांची बसगाडी चुकली.

या कथेत एकच हंगाम असा होता, जो पाहुण्यांनी कधी पाहिला नाही. पाऊस. मेअखेरीस शॅक मोडायच्या, झाप रचून ठेवायचे, आणि २४ जूनला सांज्याव. डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून पोरे वाड्यावाड्यांतून घुमट वाजवत फिरतात, भरलेल्या विहिरींत उड्या मारतात, नव्या जावयाचे कौतुक होते, आणि शिवोलीला सजवलेल्या होड्या नदीत उतरतात. चार्टर विमाने पावसात येत नसत. त्यामुळे तीन दशके हा सण जसा होता तसाच उरला, बघायला कोणी नसल्यामुळे.

आता जूनमध्येही हॉटेले भरलेली असतात. तरणतलावाच्या काठी सांज्यावची पार्टी होते, प्रवेशशुल्कात कागदी कोपेल मिळते. ते डोक्यावर घालून पाण्यात उडी मारणारा पाहुणा गॅटविकहून आलेला नसतो. तो शुक्रवारी रात्री ऑफिस सुटल्यावर पुण्याहून गाडी काढून निघालेला असतो, आणि रविवारी दुपारी परततो. दोन रात्री, न्याहारीसकट.